ताज्या दुधातले लॅक्टिक जिवाणू: गोठ्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

लातूर, नांदेड, परभणी, बीडकडे सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना लघुप्रबंधासाठी मी हा विषय मनापासून सुचवतो. देवणी आणि लाल कंधारी गाय, मराठवाडी म्हैस, उस्मानाबादी शेळी ही आपल्याच भागात घडलेली जनावरे. त्यांचा चारा, पाणी, गोठा, उन्हाळा सगळे इथले. त्यांच्या दुधात राहणारे लॅक्टिक जिवाणू, म्हणजे दुधातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करून दूध आंबवणारे जिवाणू, शोधायला अजून पुष्कळ वाव आहे, आणि लागणारी बहुतेक उपकरणे पदव्युत्तर विभागात असतातच.

मात्र या विषयात एक घाई फार होते. दुधातून दहा-वीस जिवाणू वेगळे केले, त्यातले दोन आम्लात तगले, की शेवटच्या पानावर ‘प्रोबायोटिक सापडले’ असे लिहून मोकळे होतात. तसे लिहिता येत नाही. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांची बैठक २००१ साली अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरात झाली. तिथे ठरलेल्या व्याख्येनुसार, पुरेशा प्रमाणात दिल्यावर घेणाऱ्याच्या आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. जिवंत हवेत, पुरेसे हवेत, आणि फायदा सिद्ध झालेला हवा. ही तिसरी अट माणसांवरच्या चाचणीशिवाय पुरी होत नाही. घरचे दही उत्तम अन्न आहे, पण तेवढ्याने ते प्रोबायोटिक ठरत नाही. सिद्ध झालेला फायदा कसा दिसतो याचे एक उदाहरण देतो. योगर्टमधल्या जिवंत जिवाणूंमुळे लॅक्टोज (दुधातली साखर) न सोसणाऱ्यांना ते पचवायला मदत होते, हे युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये मान्य केले, तेही माणसांवरचे पुरावे तपासून आणि दर ग्रॅमला किमान दहा कोटी जिवंत जिवाणू हवेत अशी अट घालून.

तेव्हा तुमच्या कामातून हाती येणार आहेत ते उमेदवार. चांगले, जपून निवडलेले उमेदवार मिळाले तरी ते मोठे काम आहे. काम सुरू करण्याआधी दोन मार्गदर्शिका वाचून काढा. एक याच दोन संघटनांची २००२ सालची आणि दुसरी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मिळून काढलेली २०११ सालची. कोणत्या चाचण्या कशासाठी, हे त्यांत स्पष्ट आहे.

पहिली पायरी: जनावर निवडणे

संकलन केंद्रावरच्या कॅनमधले दूध घेऊ नका. ते अनेक गोठ्यांचे मिसळलेले असते, त्यात काय पडले ते कळत नाही, आणि दूध नासू नये म्हणून कोणी सोडा किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड घातले असेल तर तुमचे जिवाणू आधीच मार खाऊन आलेले असतात. एक जनावर, एक बाटली, एक नोंद अशी शिस्त ठेवा.

नोंदवहीत जनावराची जात, वय, वेत, व्यायल्याला किती दिवस झाले, चारा कोणता (कडबा, हिरवी वैरण, मुरघास, पेंड), गोठा कच्चा की पक्का, तारीख, वेळ आणि गाव एवढे हवेच. देवणी असेल तर वानेरा, बालंक्या की शेवरा हेही लिहा, मालक लगेच सांगतात. ही माहिती नंतर मिळत नाही. वर्षभराने कोणी विचारले की तुमचा सात नंबरचा जिवाणू मुरघास खाणाऱ्या म्हशीचा की रानात चरणाऱ्या शेळीचा, तर उत्तर नोंदवहीतच असते.

मालकाशी नीट बोला. काम काय आहे ते सांगा आणि मगच विचारा, “मावशी, महिन्याभरात हिला काही इंजेक्शन दिलंय का? सडात ट्यूब सोडली होती का?” प्रतिजैविक चालू असलेल्या किंवा नुकत्याच बंद झालेल्या जनावराचे दूध या कामाला चालत नाही. औषधाचा अंश दुधात उतरतो, संवेदनशील जिवाणू मरतात आणि प्रतिकार करणारे तेवढे उरतात. कास सुजलेली असेल, दगडी झालेली असेल, दुधात गुठळ्या असतील तर ते जनावरही सोडा. वरून निरोगी दिसणाऱ्या कासेतही छुपा दाह असू शकतो. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्टचे द्रावण आणि चार कप्प्यांचे पॅडल असेल तर धारेआधी दोन मिनिटांत तपासून घ्या.

आता स्वतःच्या जिवाचे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षय माणसाला होऊ शकतो. शेळ्यामेंढ्यांतला ब्रुसेला मेलिटेन्सिस तर माणसाला फारच त्रास देतो. महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप, घाम, सांधेदुखी. कळपात कोणत्या जनावराने गाभ टाकला होता का, हे विचारूनच पुढे जा. टाकला असेल तर तो कळप तुमच्यासाठी नाही, आणि मालकाला पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यायला सांगणे हे तुमचे कर्तव्य आहे. हातमोजे घाला. नमुन्याचे दूध चाखू नका. तोंडाने पिपेट ओढायची जुनी सवय कुठे शिल्लक असेल तर ती आजच मोडा.

दुसरी पायरी: धार

आपल्याकडे पान्हा फुटावा म्हणून वासरू, रेडकू किंवा करडू आधी पाजतात. त्याच्या लाळेतले जिवाणू सडावर येतात. त्यामुळे स्वच्छता पाजण्याच्या आधी नाही, नंतर करायची. कोमट पाण्याने कास धुवा, स्वच्छ कापडाने कोरडी करा (प्रत्येक जनावराला वेगळे कापड), मग ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने सडाचे टोक पुसा आणि वाळू द्या. ओल्या अल्कोहोलचे थेंब बाटलीत गेले तर नमुना गेला.

पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात सोडून द्या. सडाच्या नळीत साचलेली घाण त्यांत असते. मग ऑटोक्लेव्ह केलेली बाटली तिरपी धरून ३० ते ५० मिली दूध घ्या. झाकण हातातच ठेवायचे, आतली बाजू खाली. जमिनीवर ठेवलेले झाकण परत लावू नये. बाटलीवर पुसली न जाणारी खूण करा.

लगेच बर्फाच्या पेटीत. नमुना ४ अंश सेल्सिअसच्या आसपास राहायला हवा, पण गोठू द्यायचा नाही. गोठवताना पेशी फुटतात. चार तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचायचे असे गणित मांडून गाव निवडा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा एसटीत मांडीवर ठेवलेली बाटली तासाभरात उबायला लागते आणि तुम्ही मोजता ते दूध सकाळचे राहत नाही. जेल पॅक आदल्या रात्री गोठवून ठेवा, एक जास्तीचा ठेवा. पोचल्यावर आधी पीएच बघा. ताज्या दुधाचा पीएच साधारण ६.६ ते ६.८ असतो. त्यापेक्षा बराच खाली गेला असेल तर आंबणे वाटेतच सुरू झाले आहे.

तिसरी पायरी: लगेच पेरायचे की आंबू द्यायचे?

स्वच्छतेने काढलेल्या ताज्या दुधात लॅक्टिक जिवाणू थोडेच असतात. ते येतात सडाच्या त्वचेवरून, वैरणीतून, गोठ्याच्या धुळीतून, भांड्यातून, धार काढणाऱ्याच्या हातांवरून. शिवाय ताज्या दुधात लॅक्टोपेरॉक्सिडेज नावाची स्वतःची संरक्षणव्यवस्था असते आणि पहिले काही तास ती जिवाणूंना आवरून धरते. त्यामुळे पहिल्याच दिवशी प्लेटवर दोन-चारच कॉलनी (जिवाणूंच्या वाढीचे ठिपके) दिसल्या तर खचून जाऊ नका.

दोन्ही करा. थोडे दूध लगेच पेरा आणि उरलेल्याचे दोन भाग करून एक ३० अंशांवर, दुसरा ३७ अंशांवर २४ ते ४८ तास ठेवा. विरजण घालायचे नाही. दूध आपले आपण आंबू द्यायचे. ३० अंशांवर लॅक्टोकॉकस आणि ल्युकोनोस्टॉकसारखे पुढे येतात, ३७ वर लॅक्टोबॅसिलस कुळातले बरेच. साकळले की त्यातून पेरा. फक्त एक भान ठेवा. आंबवलेल्या दुधातले आकडे ‘दुधात इतके जिवाणू होते’ म्हणून लिहायचे नाहीत. आंबताना जो जोमाने वाढतो तो बाकीच्यांना झाकून टाकतो. मोजणी लगेच पेरलेल्या प्लेटवरची आणि विविधता दोन्हींवरची, असे वेगळे मांडा.

चौथी पायरी: प्लेट

लॅक्टोबॅसिलस कुळासाठी एमआरएस हे माध्यम (जिवाणू वाढवायचे खाद्य) वापरतात. डी मान, रोगोसा आणि शार्प यांनी ते १९६० मध्ये मांडले आणि आजही त्याला तोड नाही. त्याचा पीएच ६.५ च्या आसपास असतो, ५.४ पर्यंत उतरवला तर इतर जिवाणू आणखी मागे हटतात. लॅक्टोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकससाठी एम-१७ घ्या. त्यातला बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आम्ल शोषून धरतो, त्यामुळे हे गोलाणू स्वतःच्याच आम्लात लवकर दमत नाहीत. बजेट एकाच माध्यमाचे असेल तर एमआरएस.

एमआरएसमध्ये ०.५ ते १ टक्का कॅल्शियम कार्बोनेट घातले तर आम्ल करणाऱ्या कॉलनीभोवती पांढऱ्या माध्यमात स्वच्छ वलय दिसते. नवख्या डोळ्यांना याची फार मदत होते. कार्बोनेट विरघळत नाही, तळाशी बसते, म्हणून प्रत्येक प्लेट ओतण्याआधी फ्लास्क हलक्या हाताने फिरवा. बुरशी आणि यीस्टचा त्रास असेल तर नाटामायसिन घालतात. ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर १५ मिनिटे, त्याहून जास्त नको, नाहीतर माध्यम काळपट होते आणि वाढ खुंटते.

१ मिली दूध ९ मिली निर्जंतुक ०.८५ टक्के सलाइनमध्ये, त्यातले १ मिली पुढच्या ९ मिलीत, असे करत जा. दर नळीला नवी टिप. ताज्या दुधासाठी चार नळ्या पुरतात, आंबलेल्या दुधासाठी सात-आठ लागतात. ३० ते ३०० कॉलनी असलेलीच प्लेट मोजायची. समजा शंभरपट विरल केलेल्या नळीतले ०.१ मिली पसरले आणि ४७ कॉलनी आल्या, तर मूळ दुधात दर मिलीला ४७ × १० × १००, म्हणजे ४७ हजार जिवाणू. प्रत्येक डायल्युशनच्या निदान दोन प्लेट लावा.

हवा कमी लागते म्हणून अॅनेरोबिक जार उत्तम. तो नसेल तर मेणबत्तीचा जार चालतो. तिथे ऑक्सिजन पूर्ण जात नाही, पण कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि बहुतेक लॅक्टिक जिवाणूंना तेवढे पुरते. आणखी सोपा उपाय म्हणजे पेरलेल्या थरावर त्याच माध्यमाचा दुसरा पातळ थर ओतणे.

मराठवाड्यातल्या उन्हाळ्याबद्दल इथे सांगितलेच पाहिजे. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. खोलीच ४० अंशांवर असेल तर ३७ वर लावलेला इन्क्युबेटरही ४० दाखवेल, आणि ३० तर विसराच. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत थंड करण्याची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटर घ्या किंवा हे काम पावसाळ्यानंतर ठेवा. आत वेगळा थर्मामीटर ठेवून रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. वीज गेली तर किती वेळ गेली तेही लिहा.

पाचवी पायरी: गाळणी

४८ तासांनी प्लेटवर वेगवेगळ्या दिसणाऱ्या कॉलनी निवडा. मोठ्या, ठसठशीत तेवढ्याच उचलायचा मोह होतो, तो आवरा. लॅक्टिक जिवाणूंच्या कॉलनी पुष्कळदा टाचणीच्या टोकाएवढ्याच असतात. प्रत्येक कॉलनी तीन वेळा स्ट्रीक करून शुद्ध करा.

मग ग्रॅम रंजन आणि कॅटॅलेज. ग्रॅम पॉझिटिव्ह हवेत, दांडुके किंवा गोल. स्लाइडवर थोडी वाढ घेऊन ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका. फेस आला तर तो स्टॅफिलोकॉकस किंवा बॅसिलस असण्याची शक्यता आहे, बाजूला काढा. ही चाचणी ब्लड अगारवरच्या वाढीवर करू नका. रक्तातल्या पेशींमुळेही फेस येतो. बीजाणू नाहीत याची खात्री करा. डरहॅम नळीत ग्लुकोजपासून वायू होतो का बघा, पण त्यासाठी सायट्रेट नसलेले एमआरएस घ्या, कारण सायट्रेटमधूनही वायू निघतो आणि फसगत होते. १०, १५ आणि ४५ अंशांवर तसेच ६.५ टक्के मिठात वाढ होते का, एवढे झाले की ढोबळ गट कळतात. १० आणि ४५ या दोन्ही अंशांवर आणि ६.५ टक्के मिठातही वाढणारा गोलाणू बहुधा एन्टरोकॉकस असतो. त्याच्याकडे नीट लक्ष ठेवा.

सहावी पायरी: आधी सुरक्षितता

बहुतेक प्रबंधांत सुरक्षिततेच्या चाचण्या शेवटी येतात. मी त्या इथेच करायला सांगतो. जो जिवाणू माणसाला द्यायच्या लायकीचा नाही त्याची आम्ल, पित्त, चिकटण्याची चाचणी करून उपयोग काय? पैसा जातो, आठवडे जातात, आणि तीन महिने ज्याच्यावर काम केले तो टाकून द्यायचा धीर नंतर होत नाही.

५ टक्के मेंढीचे रक्त असलेल्या अगारवर स्ट्रीक करा. कॉलनीभोवती स्वच्छ पारदर्शक वलय आले तर बीटा हिमोलिसिस (रक्तपेशी पूर्ण फुटणे), तो जिवाणू बाद. हिरवट छटा आली तर अल्फा. लॅक्टिक जिवाणूंत ती पुष्कळदा दिसते, नोंद ठेवा. काहीच बदल नसेल तर सर्वांत चांगले. बरोबर जिलेटिनेजही (जिलेटिन तोडणारे एन्झाइम) बघा.

प्रतिजैविकांचा भाग समजून घेऊन करा. युरोपचे अन्नसुरक्षा प्राधिकरण नऊ औषधांची यादी देते: अँपिसिलिन, व्हँकोमायसिन, जेंटामायसिन, कॅनामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल. डिस्क पद्धत सोपी आहे, पण एमआरएसच्या आम्लपणामुळे जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिनसारख्या औषधांचा जोर कमी होतो आणि जिवाणू उगाचच प्रतिकारक दिसतो. जमत असेल तर ब्रॉथमध्ये किमान रोधक मात्रा काढा.

निकाल वाचताना सगळ्यात जास्त घोटाळा व्हँकोमायसिनवर होतो. लॅक्टोबॅसिलस कुळातल्या अनेक प्रजाती व्हँकोमायसिनला जन्मतःच दाद देत नाहीत. त्यांच्या पेशीभित्तिकेत औषध जिथे जाऊन बसते तो भागच वेगळ्या घडणीचा असतो. हा गुण दुसऱ्या जिवाणूकडे जात नाही, त्यामुळे तेवढ्यावरून त्यांना बाद करू नका. एन्टरोकॉकसचे मात्र उलटे आहे. त्यातला व्हँकोमायसिन प्रतिकार प्लाझ्मिडवरून (डीएनएच्या सुट्या कड्यांवरून) दुसऱ्या जिवाणूंकडे जाऊ शकतो, आणि रुग्णालयांत त्याने जगभर त्रास दिला आहे. टेट्रासायक्लिन आणि एरिथ्रोमायसिनला प्रतिकार दिसला तरी सावध व्हा. ही जनुके हिंडती असतात, आणि टेट्रासायक्लिन गटातली औषधे गोठ्यात वारंवार वापरली जातात. नवख्या विद्यार्थ्याने एन्टरोकॉकस उमेदवार म्हणून पुढे नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची नोंद करा, जपून ठेवा, पण निवड दुसऱ्यांतून करा.

सातवी पायरी: आम्ल आणि पित्त

जिवाणू १६ ते १८ तास वाढवा, सेंट्रिफ्यूज करून खाली बसवा, पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरने दोनदा धुवा. सगळ्या उमेदवारांच्या पेशी एकाच वयाच्या हव्यात. वाढ थांबलेल्या टप्प्यातल्या पेशी भर वाढीतल्या पेशींपेक्षा आम्ल जास्त सोसतात, म्हणून एकाला १२ तास आणि दुसऱ्याला २० तास दिले तर तुलनाच खोटी ठरते.

हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ३.० आणि २.० ला आणलेल्या बफरमध्ये पेशी सोडा आणि ३७ अंशांवर ठेवा. ०, १, २ आणि ३ तासांनी थोडे काढून डायल्युशन करून एमआरएसवर पेरा. रिकाम्या पोटी जठराचा पीएच २ च्या खालीही जातो, पण जेवणानंतर, विशेषतः दुधा-दह्याबरोबर, तो बराच वर चढतो. म्हणून पीएच ३ ही मुख्य कसोटी आणि पीएच २ ही कडक कसोटी समजा. कंट्रोलला पीएच ७ चा बफर हवाच, आणि जमल्यास ओळखीचा एक प्रोबायोटिक जिवाणूही ठेवा. लॅक्टिकेसिबॅसिलस रॅम्नोसस जीजी हा यासाठी नेहमी वापरतात.

आता आकड्यांचे. पुष्कळ प्रबंधांत जगण्याची टक्केवारी लॉग आकड्यांवरून (दहाच्या घातांवरून) काढतात. सुरुवातीला दर मिलीला १०० कोटी पेशी होत्या आणि तीन तासांनी १० लाख उरल्या असे धरा. लॉग ९ वरून ६ वर आला, ६ भागिले ९, म्हणजे ६६.७ टक्के. तक्त्यात हा आकडा भरदार दिसतो. प्रत्यक्षात हजारातली एकच पेशी जगली आहे. ९९.९ टक्के मेल्या. दोन्ही गणिते बरोबर आहेत, पण वाचणाऱ्याला ‘दोन-तृतीयांश जगले’ असे वाटते आणि तिथे फसवणूक होते. त्यामुळे तक्त्यात सुरुवातीची संख्या, शेवटची संख्या आणि किती लॉगने घट झाली, हे तिन्ही लिहा. टक्केवारी द्यायचीच असेल तर कशावरून काढली ते त्याच ओळीत सांगा. मार्गदर्शकांनी ‘सगळे तसेच लिहितात’ म्हटले तरी हा आग्रह सोडू नका.

पित्तासाठी ०.३ टक्के ऑक्सगॉल (गुरांचे वाळवलेले पित्त) घातलेला एमआरएस ब्रॉथ घ्या. लहान आतड्यातले पित्ताचे प्रमाण साधारण तेवढे धरतात. चार तासांपर्यंत मोजणी करा. नुसती गढूळता मापून थांबू नका, कारण मेलेल्या पेशीही ब्रॉथ गढूळ ठेवतात. खरी परीक्षा घ्यायची तर त्याच पेशी आधी आम्लात आणि मग पित्तात टाका. शरीरात त्या तशाच क्रमाने जातात. वेगवेगळे तपासल्यावर दोन्ही ठिकाणी पास झालेले कितीतरी उमेदवार या जोडपरीक्षेत कोसळतात. हाताशी वेळ आणि रसायने असतील तर पेप्सिन आणि पँक्रियाटिन घालून पचनरसांची नक्कल करता येते. त्यासाठी इन्फोजेस्ट ही जगभर मान्य झालेली पद्धत बघा.

आठवी पायरी: चिकटणे आणि लढणे

आतड्यातल्या पेशींना जिवाणू चिकटतो का, हे तपासायला पेशीसंवर्धन लागते आणि ते बहुतेक महाविद्यालयांत नसते. त्याऐवजी दोन सोप्या चाचण्या करतात. ऑटोअॅग्रिगेशनमध्ये धुतलेल्या पेशी बफरमध्ये न हलवता ३७ अंशांवर ठेवून वरच्या भागाची ६०० नॅनोमीटरवरची गढूळता किती उतरली ते बघतात. हायड्रोफोबिसिटीत पेशींच्या द्रावणात झायलीन किंवा हेक्झाडेकेन घालून दोन मिनिटे व्होर्टेक्स करतात, थर वेगळे होऊ देतात आणि पाण्याच्या थरात किती पेशी उरल्या ते मोजतात. झायलीनसाठी काचेच्याच नळ्या आणि क्युव्हेट घ्या, पॉलिस्टायरीन त्यात विरघळते. धूर ओढणाऱ्या कपाटातच काम करा. या दोन चाचण्यांवरून ‘आतड्याला चिकटतो’ असे लिहू नका, ‘चिकटण्याला अनुकूल गुण दिसले’ इतकेच म्हणता येते.

रोगजंतूंविरुद्धची चाचणी विद्यार्थ्यांना सगळ्यात आवडते. ई. कोलाय किंवा स्टॅफिलोकॉकस ऑरियस पसरलेल्या प्लेटमध्ये खड्डे पाडून त्यांत उमेदवाराचे ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळलेले द्रव टाकायचे आणि भोवतीचे वलय मोजायचे. वलय आले की लगेच ‘बॅक्टेरिओसिन’ (इतर जिवाणूंना मारणारे प्रथिन) लिहू नका. लॅक्टिक आम्लानेही वलय येतेच. द्रवाचा एक भाग सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ६.५ ला आणा. वलय गेले तर काम आम्लाचे होते. राहिले तर कॅटॅलेज एन्झाइम घालून बघा, पेरॉक्साइडचा हात आहे का ते कळेल. तरीही राहिले आणि प्रोटिनेज-के घातल्यावर गेले, तर मात्र तो प्रथिनाचा पदार्थ, बॅक्टेरिओसिन असण्याची दाट शक्यता. नुसत्या माध्यमालाही तोच पीएच देऊन कंट्रोल खड्डा ठेवा. हे रोगजंतू हाताळायला सुरक्षित कपाट आणि शिक्षकांची देखरेख हवी, रात्री एकट्याने करायचे हे काम नव्हे.

नववी पायरी: नाव

इथवर टिकलेल्या तीन-चार उमेदवारांचेच १६-एस आरआरएनए जनुक (जिवाणूची ओळख पटवायला वापरतात ते) वाचून घ्या, सगळ्यांचे नाही. २७-एफ आणि १४९२-आर हे प्रायमर वापरले की सुमारे १,५०० बेसचा तुकडा मिळतो. ओळखीच्या प्रजातींशी साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर ती वेगळी प्रजाती असू शकते. वर असले म्हणून मात्र प्रजात पक्की होत नाही. लॅक्टोबॅसिलस कुळातल्या प्लँटारम, पॅराप्लँटारम आणि पेंटोसस या तिघांचा १६-एस जवळजवळ सारखाच असतो. तिथे रेक-ए जनुक बघावे लागते.

नावे नवीनच लिहा. एप्रिल २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस ही प्रजाती-गर्दी २५ वंशांत विभागली गेली. जुना लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आता लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम आहे आणि फर्मेंटम झाला लिमोसिलॅक्टोबॅसिलस फर्मेंटम. अॅसिडोफिलस आणि डेलब्रुकी जुन्याच घरात राहिले. जुने शोधनिबंध वाचताना दोन्ही नावांनी शोधा. आणि प्रजातीच्या नावापुढे तुमचा स्ट्रेन (प्रजातीतला एक विशिष्ट वाण) क्रमांक लिहायला विसरू नका. फायदा सिद्ध होतो तो त्या एका स्ट्रेनचा. तुमचा प्लँटारम बाजारातल्या प्लँटारमसारखा वागेल असे गृहीत धरता येत नाही.

पुढे कोणी यातून पदार्थ करायचे म्हणाले, तर भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे नियम पाळावे लागतात. दिवसाच्या मात्रेत सर्वसाधारणपणे किमान दहा कोटी जिवंत जिवाणू हवेत, तेही पदार्थ वापरायच्या मुदतीपर्यंत. तुमचा कच्चा कल्चर कोणाला ‘घेऊन बघा’ म्हणून देऊ नका, घरच्यांनाही नाही.

दहावी पायरी: जतन

हे काम खरे तर पाचव्या पायरीपासूनच सुरू करायचे. जिवाणू शुद्ध झाला की त्याच आठवड्यात २० टक्के ग्लिसरॉलमध्ये निदान तीन नळ्या करा. उणे ८० अंशांचा फ्रीझर असेल तर उत्तम, नसेल तर उणे २० वर ठेवा आणि दर काही महिन्यांनी एक नळी उघडून जिवंत आहे का ते तपासा. वीज जाणाऱ्या गावात एकाच फ्रीझरवर सगळे सोडू नका. दुसरा संच शेजारच्या विभागात किंवा दुसऱ्या महाविद्यालयात ठेवा. लायोफिलायझर (गोठवून वाळवणारे यंत्र) मिळत असेल तर १० टक्के स्किम मिल्कमध्ये वाळवून ठेवलेले कल्चर वर्षानुवर्षे टिकते.

शेवटी निवडलेले स्ट्रेन एखाद्या मान्यताप्राप्त संग्रहात जमा करा. पुण्यातले राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आपल्याला सर्वांत जवळचे, चंदीगडला एमटीसीसी आहे, आणि दुग्धजिवाणूंसाठी कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेचा स्वतंत्र संग्रह आहे. अर्जात उगम लिहायची जागा असते. तिथे नुसते ‘दूध, महाराष्ट्र’ नको. जनावराची जात, गाव, तालुका, तारीख असे नोंदवहीतून उतरवून पूर्ण लिहा. संग्रहाकडून मिळालेला क्रमांक प्रबंधात छापा आणि ज्या मालकाच्या जनावराचे ते दूध होते त्यांना जाऊन कळवा.